निनादाचं शेवटचं वाक्य

चार वाजायला दहा मिनिटं असली की शशिकांत दाभाडे उठून केस विंचरायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसायचा. एसटीच्या वेळापत्रक विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. बाकी सगळं विसरला तरी वेळ विसरला नव्हता.

"बाई, लावा," तो म्हणायचा.

बाई टीव्ही लावायच्या. या बाई म्हणजे वृषाली, चव्वेचाळीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेली त्याची बायको. पण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीने त्या देखभालीला ठेवलेल्या, हाताने कामसू आणि तोंडाने मुक्या अशा कोणी बाई होत्या. तो त्यांच्याशी अहो-जाहो करूनच बोले. संस्कार चांगले होते, त्याला काय करणार!

पडद्यावर 'आकाशगस्त' सुरू होई. पाच महावीरांची चमू, उडत उडत जगाला वाचवणारी. परदेशात काढलेली ही कार्टून मालिका चाळीस भाषांत बोलत होती आणि गेली बावीस वर्षं संपायचं नाव घेत नव्हती. पाचांपैकी निनादा ही शशीची लाडकी. नारिंगी शेला, कमरेवर हात, आणि शक्ती कसली, तर आवाजाची. ती ओरडली की कोसळता पूल जागच्या जागी थांबे, ती गुणगुणली की खवळलेला समुद्र शांत होई.

भाग संपला की दहा मिनिटं गप्पांची खिडकी उघडायची. त्यात पात्रं मुलांशी नावानिशी बोलायची, विचारलेल्याला उत्तरं द्यायची. ही सोय फक्त मुलांसाठी होती, म्हणून वृषालीने नाव नोंदवताना 'शशी, वय वर्षे सात' असं ठोकून दिलं होतं.

"शशी, आलास? डबा खाल्लास का?" निनादा विचारायची.

"खाल्ला. बाईंनी दोडक्याची भाजी केली होती. तुझ्या हातची चव नाही, पण ठीक."

"सगळा संपवलास?"

"संपवला. वृषा, तू कधी येणार घरी?"

'वृषा' हे एखाद्या मुलाने ठेवलेलं लाडाचं नाव असणार, असं यंत्राने समजून घेतलं होतं. "मी गस्तीवर आहे, शशी. आकाश केवढं मोठं आहे! उद्या चार वाजता भेटू."

"बरं," शशी म्हणायचा आणि त्याचा चेहरा असा निवळायचा, की शेजारच्या स्टुलावर बसलेल्या वृषालीला आनंदही व्हायचा आणि रडूही यायचं. कारण तो आवाज तिचाच होता.

पहिल्या भागापासून निनादाचा मराठी आवाज वृषालीनेच दिलेला. त्या काळी डबिंग म्हणजे मोठी कसरत असे. पात्राचे ओठ परक्या भाषेत हलायचे. ते जिथे मिटतील तिथे मराठीतही प, फ, ब, भ, म यांतलं एखादं अक्षर यायलाच हवं. ओठ मिटले आणि कानावर 'गाडी' आली की लहान मूलसुद्धा हसतं. वृषाली स्वयंपाकघरात आरशासमोर वाक्यं जुळवत बसे आणि शशी पेपर वाचता वाचता शब्द पुरवी. त्याचे शब्द म्हणजे सगळी स्टँडची नावं. "पनवेल घाल. नाही बसत? मग भिवंडी घाल." हसून हसून तिची पुरेवाट व्हायची. मग ती पायांत चपला सरकवून दारातून म्हणायची, "येते हं." आणि तो पेपरमधून वरही न बघता म्हणायचा, "ये." त्या दोन शब्दांवर त्यांचा अर्धा संसार झाला होता.

मग तिच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. शस्त्रक्रियेच्या आधी स्टुडिओने सहा दिवस तिला माइकसमोर बसवलं आणि तिचा स्वरठसा घेतला.

आवाज स्वरयंत्रात तयार होतो असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. तिथले पडदे नुसती गुणगुण करतात. त्या गुणगुणीचा अमक्या माणसाचा आवाज करते ती घसा, टाळू, नाक, दात यांच्यामधली पोकळी, आणि ती दोन माणसांची सारखी नसते. यंत्राने वृषालीच्या सोळा वर्षांच्या ध्वनिमुद्रणावरून ती पोकळी मोजली. ती श्वास कुठे घेते, कुठल्या शब्दाआधी अडखळते, हसू दाबताना आवाज किती जाडा होतो, हेही शिकून घेतलं. त्यानंतर कुठलंही वाक्य द्या, यंत्र ते वृषालीसारखं बोलून दाखवी. निनादाचा आवाज बदलला आहे याचा एकाही मुलाला पत्ता लागला नाही.

शशीचं दुखणं त्यानंतर दोन वर्षांनी आलं. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं होतं. चेहरा ओळखायचं काम मेंदूत एका जागी चालतं, आवाज ओळखायचं दुसऱ्या जागी, आणि दोन्ही वाटा पुढे जाऊन 'ही अमुक' या एका ठिकाणाला मिळतात. शशीची चेहऱ्याची वाट बुजली होती.

"पण आवाजाची वाट अजून शाबूत आहे," डॉक्टर उत्साहाने म्हणाले होते. "तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा!" आणि मग समोरच्या बाईंच्या गळ्यातल्या श्वासाच्या छिद्राकडे लक्ष जाऊन त्यांनी मान खाली घातली.

मग तिचा ठसा घरी का आणता येत नव्हता? कायदा आडवा येत होता. मधल्या काळात पोराबाळांच्या खोट्या आवाजात फोन करून म्हाताऱ्यांना छळायचा सुळसुळाट झाला, तेव्हा सरकारने नियम केला. स्वरठसा फक्त मोहोरबंद यंत्रात राहील, ज्या पात्रासाठी घेतला त्याच्याच तोंडून बोलेल, आणि पात्र संपलं की मालकाला कळवून पुसला जाईल. नियम चांगला होता. तो व्हावा म्हणून निघालेल्या अर्जावर वृषालीनेही सही केली होती.

मुक्या माणसांसाठी चार मंजूर आवाज होते. तिने एकदा आपल्या पडद्याच्या पाटीवर लिहून तिसऱ्या क्रमांकाच्या आवाजात "शशी, चहा घे" असं वदवलं. शशीने दचकून विचारलं, "कुठल्या फलाटाला लागली?" गळ्याला लावायच्या यंत्राची भुंग्यासारखी भुणभुण ऐकून तर तो पलंगामागे जाऊन बसला. 'मीच वृषा' असं पाटीवर लिहून दाखवलं, तर "थट्टा नको, बाई" म्हणाला. तेव्हापासून वृषाली घरात गप्पच राहिली. उरला होता तो चारचा टीव्ही.

आणि उन्हाळ्यात बातमी आली, की आकाशगस्तचा हा शेवटचा सीझन.

ऑगस्टमध्ये तिला घोडबंदर रोडवरच्या स्टुडिओत बोलावणं आलं. ठसा पुसण्याआधी पात्राचं शेवटचं वाक्य त्याच्या मालकाने ऐकून मंजूर करावं असा नियम होता. पुष्कर गोडांबे दारातच उभा होता. तेवीस वर्षांचा असताना तो इथे ध्वनिमुद्रक म्हणून लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या हातून वृषालीचा अख्खा प्रसंग पुसला गेला होता आणि तिने तो न कुरकुरता पुन्हा बोलून दिला होता. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि मराठी विभाग तो एकटाच चालवत होता.

"बसा, वृषालीताई. कॉफी सांगतो, कोमट." तिच्या घशाला गरम चालत नाही हे त्याच्या लक्षात होतं.

त्याने कळ दाबली. खोलीभर तिचा आवाज पसरला. "तू खूप शूर आहेस, शशी. मी आता जाते."

वृषालीने हात वर केला. मांडीवरची पाटी ओढून तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जाते नाही. येते.'

"मी पण तेच म्हटलं होतं, ताई." पुष्करने खुर्ची जवळ ओढली. "आमच्या आईने दारातून 'जातो' ऐकलं असतं ना, तर चपला काढायला लावून परत आत बसवलं असतं मला. पण हे बघा."

पडद्यावर मुख्य कचेरीच्या तपासयंत्राचा शेरा होता. 'पात्र निघून जात असताना "येते" म्हणत आहे. अर्थदोष. दुरुस्त करा.'

"मग मी तिथल्या माणसांना पत्र लिहिलं," पुष्कर म्हणाला. "सविस्तर. की आमच्याकडे घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. परत येणार नाही त्याच्याच बाबतीत 'गेला' हा शब्द येतो. त्यावर काय उत्तर आलं असेल?"

वृषालीने मानेनेच विचारलं.

"म्हणे, मग शब्द बरोबर आहे. निनादा परत येणार नाही."

खरंच तर होतं ते.

"त्यांचंही अगदी चुकतं असं नाही," पुष्कर म्हणाला. "मागे एका मालिकेचा शेवट मोघम ठेवला होता, तर पोरं कित्येक महिने खिडकीत बसून राहिली. तेव्हापासून ठरलंय, निरोप स्पष्ट द्यायचा. मूल चार दिवस रडतं आणि खेळायला लागतं."

वृषालीने पाटी पुसली. मग लिहिलं, 'तिला असं म्हणू दे: तुझ्या शेजारी बसली आहे ती मीच आहे.'

पुष्करने ते वाचलं. मग तो जे बोलला ते त्याने बरेच दिवस मनात ठेवलेलं असावं.

"ताई, सात वर्षांचा शशी कोण, ते मला चार वर्षांपासून माहीत आहे. डबा, दोडका, स्वेटर... तपासणीत ऐकलं होतं. मी कुठे बोललो नाही. आणि हे वाक्य मी तुमच्या आधीच घालून बघितलं, खरं सांगतो. यंत्र घेत नाही. पात्राला गोष्टीबाहेरच्या माणसाची ओळख देता येत नाही, कायद्यातच बसत नाही ते."

वृषालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडतानाही तिचा आवाज येत नसे, फक्त गळ्यातल्या छिद्रातून श्वास फुसफुसायचा. पुष्कर उगाचच समोरच्या कळा पुसत राहिला.

"तुम्हाला एक हक्क मात्र आहे," तो म्हणाला. "एका घरापुरतं, एका शब्दाचा बदल. तपासयंत्राला तो नाकारता येत नाही. तुम्ही म्हणाल तर त्या घरी मी 'येते' करतो. पण विचार करा, ताई. जाते म्हटलं तर ते रडतील आणि दुखण्यामुळे का होईना, विसरतील. येते म्हटलं तर वाट बघत बसतील. आणि तुम्ही तर शेजारीच असूनही..." पुढचं त्याने गिळलं.

तिला सगळं कळत होतं. सरळ विचार केला तर जाते म्हणून मोकळं करावं त्याला. पण चव्वेचाळीस वर्षांत भांडून माहेरी निघाली तेव्हासुद्धा तिच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. आता निघायचा तो यंत्रातून निघावा? तिने लिहिलं, 'मला त्याला जाते म्हणता येणार नाही.' आणि अंगठा उमटवला.

शेवटच्या भागात आकाशाचा बांध फुटला. निनादाने सगळा आवाज पणाला लावून तो थोपवून धरला आणि जग वाचलं. भाग संपला, खिडकी उघडली. वृषालीने स्टूल शशीच्या खुर्चीला अगदी चिकटवून घेतलं होतं.

"शशी, डबा खाल्लास का?"

"खाल्ला."

"आज लांबची गस्त आहे माझी."

"मुक्कामाची गाडी?"

यंत्र क्षणभर थांबलं. "हो, मुक्कामाची."

"मग स्वेटर ने. घाटात गार वारा असतो."

"तू खूप शूर आहेस, शशी." तिचा आवाज किंचित जाडा झाला, हसू दाबताना व्हायचा तसा. "मी आता येते हं."

शशी बाहीचं बटण लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ये."

पडद्यावर पाच तारे आले आणि विझले. वृषालीच्या पाटीवर एक ओळ उमटली: 'स्वरठसा पुसला. ४:५२.' तिचा हात नकळत गळ्याकडे गेला. या जगात आता तिचा आवाज म्हणून काही उरलं नव्हतं, होते ते फक्त जुने भाग.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने जुना भाग लावला. शशीने पाच मिनिटं ऐकला. "हे सांगितलंय तिने मला," तो म्हणाला. "आज काही विचारत का नाहीये?" तिसऱ्या दिवशी त्याने खुर्ची उचलून दारासमोर नेऊन ठेवली.

पुष्करने सांगितलं होतं तसंच झालं. शशी वाट बघायला लागला, आणि ज्याने उभा जन्म गाड्यांच्या येण्याजाण्यात घालवला त्याचं वाट बघणं ते! "चारची आली, त्यात नाही. पाचची नगरहून येते, नेहमी उशीर करते." रोज संध्याकाळी तो बाईंना बजावी, "एक कप जास्त ठेवा. थकून येईल." वृषाली तो कप बशीने झाकून ठेवायची आणि तो झोपला, की तो गार चहा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या स्वतःच प्यायची. तिच्याचसाठी तर होता तो.

एक दिवस तिला सहन होईना. तिने पाटीवर लिहिलं, 'ती येणार नाही,' आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

शशीने चष्मा नीट केला, अक्षर अन् अक्षर वाचलं. "कोण सांगतं? येते म्हणून गेलीय ती. जाते म्हणाली असती तर गोष्ट वेगळी." मग बाईंच्या तोंडाकडे बघून तो एकदम विरघळला. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. येईल हो ती. तुम्ही थांबाल ना तोवर?"

वृषालीने मान हलवली. थांबणार होतीच ती. दुसरीकडे कुठे जाणार!

त्यानंतरच्या आठवड्यात लिंबं संपली. तिने पिशवी घेतली, चपला घातल्या. एरवी ती अशी निघाली की तो "या" म्हणायचा, बाईंना म्हणावं तसं. त्या दिवशी मात्र त्याने टोकलं.

"बाई, तुम्ही कधी सांगून निघत नाही. निघताना माणसाने येते म्हणावं. नाहीतर घरच्यांनी वाट कशाच्या जिवावर बघायची?"

वृषाली उंबऱ्यात वळली. सगळा जन्म तिने दुसऱ्यांच्या ओठांवर आपला आवाज बसवला होता. आज ओठ तिचे होते आणि बसवायला आवाज नव्हता. तरी तिने ते हलवले, नीट, सावकाश, एकेक अक्षर दाखवत. 'येते हं.'

शशी तिच्या ओठांकडे बघत होता. त्याच्या कपाळावर आठी आली आणि गेली.

"ये," तो म्हणाला, आणि त्याने पेपर उघडला.

या नाही, ये.

वृषालीने जिन्याचा कठडा धरला. खाली उतरून, लिंबू घेऊन ती धावत वर आली, दार ढकललं, आणि उभी राहिली त्याच्यासमोर.

"या बाई," शशी म्हणाला. "पाचची येऊन गेली. त्यात नव्हती ती."

डॉक्टरांना तिने सगळं लिहून विचारलं. ते म्हणाले, ओळख नव्हे ही, सवय आहे. ओठांची हालचाल दिसली, कानांनी जुन्या सवयीने तिच्यात आवाज भरला आणि उत्तर आपोआप बाहेर पडलं. फार आशा धरू नका. वृषालीला ते पटलं. शिकलेली बाई होती, पटायला काय हरकत!

पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने पुन्हा पिशवी घेतली. तिसऱ्या दिवशीही घेतली. कोपऱ्यावरची भाजीवाली विचारायला लागली, "काकू, एकेक लिंबू काय नेता? डझनभर घेऊन टाका की एकदाच." वृषाली नुसतीच हसायची. फ्रीजमध्ये लिंबांना जागा उरली नव्हती. परत आलं, की "या बाई, नाही आली ती" हे ठरलेलंच होतं, आणि तेही रोज तितकंच लागायचं.

अठराव्या दिवशी शशी दारासमोरच्या खुर्चीतच बसला होता, पण पेपरमधल्या शब्दकोड्यात त्याने डोकं खुपसलं होतं. वृषालीने चपला घातल्या, वळली आणि थांबली. तो वर बघेना. तिने खोकून बघावं म्हटलं, तर खोकलाही आता तिचा नव्हता. बघत नाही तर दाखवायचं कुणाला? तरीही तिने ओठ हलवले, आपल्यापुरते. 'येते हं.' आणि पिशवी खांद्याला लावून ती पायरी उतरली.

मागून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ये," शशी म्हणाला.